‘पबमेड’चा पाया घालणारा लष्करी डॉक्टर

डॉक्टरांच्या कामाचा एक भाग रुग्णाला सहसा दिसत नाही. नेहमीच्या औषधाने गुण येत नाही, आजाराची लक्षणे कुठल्याच चौकटीत बसत नाहीत, किंवा दोन औषधे एकत्र दिली तर चालतील का असा प्रश्न पडतो, तेव्हा डॉक्टर संगणकावर ‘पबमेड’ उघडतात आणि दोन-चार शब्द टाइप करतात. काही सेकंदांत जगभरातील वैद्यकीय नियतकालिकांतले शोधनिबंध समोर येतात. या भांडारात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी कुठल्या विद्यापीठाचे ओळखपत्र लागत नाही. वाडा-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि बोस्टनमधील प्राध्यापक या बाबतीत एकाच पायरीवर उभे असतात.

ही सोय इंटरनेटमुळे झाली, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. इंटरनेटने वेग दिला. मात्र काय नोंदवायचे, कोणत्या विषयाखाली नोंदवायचे आणि ती नोंद पुढच्या माणसाला नेमकी कशी सापडेल, हे प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकाने हाती घेतले होते. त्यांचे नाव डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज.

एका प्रबंधाची अडचण

बिलिंग्ज यांचा जन्म १२ एप्रिल १८३८ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या ग्रामीण भागात झाला. वडील शेती करत, दुकान चालवत आणि गावचे टपालही सांभाळत. मुलाला वाचनाचे विलक्षण वेड होते. कॉलेजात जायचे तर लॅटिन यायला हवे, म्हणून त्याने एका पाद्र्याच्या मदतीने ती भाषा स्वतःच शिकून घेतली. पैशांचा प्रश्न मात्र उरला. तेव्हा त्याने वडिलांशी एक करार केला. त्यांनी आपल्या शिक्षणाचा खर्च करावा, त्या बदल्यात वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला वाटा बहिणीला द्यावा. वडिलांनी ते मान्य केले. शेतजमिनीवरचा हक्क सोडून शिक्षण घेणारा हा मुलगा १८५७ मध्ये ओहायोतील मायामी विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि पुढे सिनसिनाटीच्या मेडिकल कॉलेज ऑफ ओहायोमध्ये दाखल झाला.

तेथे दिवस ओढगस्तीचे होते. रुग्णालयातच राहायचे, शवविच्छेदनाच्या खोल्यांची देखभाल करायची आणि एका हिवाळ्यात तर दूध-अंड्यांवरच भागवायचे, असे ते शिक्षण होते. १८६० मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहायची वेळ आली. बिलिंग्ज यांनी विषय घेतला अपस्मारावरील, म्हणजे फिट येण्याच्या आजारावरील शस्त्रक्रियांचा. त्यांना हवी होती साधी माहिती. अशा शस्त्रक्रिया आजवर किती झाल्या, किती रुग्ण बरे झाले, किती दगावले?

ही माहिती छापलेली होती, पण ती शेकडो नियतकालिकांच्या आणि ग्रंथांच्या पानांत विखुरलेली होती. कोणत्या पानावर काय आहे, हे सांगणारी सर्वसमावेशक सूची नव्हती. हाती येईल त्या खंडाची अनुक्रमणिका पाहणे, मिळाले तर टिपून घेणे, नाही तर पुढचा खंड उघडणे, एवढाच मार्ग होता. त्यांनी हजाराच्या वर खंड चाळले आणि त्यात सहा महिने गेले. एवढे करूनही काही महत्त्वाची पुस्तके मिळालीच नाहीत, कारण ती सिनसिनाटीत नव्हती आणि अमेरिकेतल्या इतर कुठल्याही ग्रंथालयात सगळी एकत्र मिळण्याजोगी नव्हती. आपल्या देशातील डॉक्टरांना परिपूर्ण वैद्यकीय ग्रंथालय हवे आणि त्यात काय आहे हे सांगणारी सूची हवी, हा विचार तेव्हा त्यांच्या मनात रुजला, असे त्यांनीच पुढे सांगितले.

नाट्यगृहातले ग्रंथालय

लगेच काही करणे शक्य नव्हते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लष्करी वैद्यकीय सेवेच्या परीक्षेत बिलिंग्ज पहिले आले आणि १८६२ मध्ये सैन्यात दाखल झाले. चॅन्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्ग या रक्तरंजित लढायांत त्यांनी आघाडीजवळच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया केल्या. जंतुसंसर्गाची कल्पना अजून वैद्यकात रुजायची होती. जखमेत पू होणे ही नित्याची बाब होती आणि गोळी लागलेला हात किंवा पाय कापून टाकणे हाच अनेकदा जीव वाचवण्याचा उपाय असे. कोणती पद्धत वापरली तर किती जण जगतात, हा प्रश्न आता त्यांच्यासाठी प्रबंधापुरता राहिला नव्हता.

१८६४ च्या अखेरीस त्यांची नेमणूक वॉशिंग्टनला, लष्कराच्या सर्जन जनरल कार्यालयात झाली. त्या कार्यालयाचे एक छोटे ग्रंथालय होते. १८३६ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात युद्ध संपत आले तेव्हा दोन हजारांच्या आसपास पुस्तके होती. त्याची व्यवस्था बिलिंग्ज यांच्याकडे आली. सुदैवाने युद्धकाळातील लष्करी रुग्णालयांच्या निधीतून सुमारे ८० हजार डॉलर शिल्लक होते आणि ते ग्रंथालयासाठी वापरता येणार होते.

ग्रंथालयाला जागा मिळाली ती फोर्ड नाट्यगृहात. याच नाट्यगृहात एप्रिल १८६५ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली होती. त्यानंतर तेथे नाटके बंद झाली आणि सरकारने ती वास्तू ताब्यात घेऊन तिच्यात कार्यालये, लष्करी वैद्यकीय संग्रहालय आणि हे ग्रंथालय आणले.

बिलिंग्ज यांनी संग्रह वाढवायला सुरुवात केली ती अक्षरशः मागून, बदलून आणि विकत घेऊन. देशभरातील डॉक्टरांना ते पत्रे लिहीत. माळ्यावर पडलेले जुने अंक, स्थानिक वैद्यक संस्थांचे अहवाल, कोणी वाचत नसलेल्या पुस्तिका, जे असेल ते पाठवा, असा त्यांचा धोशा असे. एखाद्या पुस्तकाच्या दोन प्रती आल्या, तर एक देऊन दुसरे काही तरी मिळवायचे. युरोपातील पुस्तकविक्रेत्यांशी त्यांचा सततचा पत्रव्यवहार असे. काही वर्षांतच त्या दोन हजारांचे पन्नास हजार झाले. १८९५ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ग्रंथालयात एक लाखाहून अधिक ग्रंथ होते आणि पुस्तिकांची संख्या त्याहूनही मोठी होती.

नाट्यगृहाची जागा अपुरी आणि धोक्याची होती. नव्या, आगीपासून सुरक्षित इमारतीसाठी त्यांनी पाठपुरावा केला आणि १८८७ मध्ये ग्रंथालय तेथे हलवले. सहा वर्षांनी, जून १८९३ मध्ये, फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीचे मजले आतून कोसळले आणि तेथे काम करणारे २२ सरकारी कर्मचारी मरण पावले. ग्रंथालय तेव्हा तेथे असते, तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको.

पेन्सिलीची खूण आणि चिठ्ठी

पुस्तके जमवणे हा कामाचा सोपा भाग होता. लाखो पानांत काय आहे, हे सांगणे खरे अवघड होते. त्या काळातील ग्रंथालयांच्या सूचीत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव असे. नियतकालिकाच्या आत कोणते लेख आहेत, हे सूचीत येत नसे. पण वैद्यकातील नवे ज्ञान मुख्यतः नियतकालिकांतूनच येते. म्हणून बिलिंग्ज यांनी ठरवले की सूची पुस्तकांची न करता लेखांचीही करायची.

त्यासाठीची पद्धत साधी होती. दिवसाचे काम आटोपल्यावर ते नव्याने आलेल्या नियतकालिकांचे गठ्ठे घरी नेत. रात्री जेवणानंतर एकेक अंक उघडून नोंद करण्याजोग्या लेखावर पेन्सिलीने खूण करत. दुसऱ्या दिवशी कार्यालयातील कारकून त्या प्रत्येक लेखाची माहिती एका वेगळ्या चिठ्ठीवर उतरवत. चिठ्ठीवर लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठे एवढा तपशील असे. मग त्या चिठ्ठ्या विषयवार लावल्या जात. एक लेख, एक चिठ्ठी. चिठ्ठी सुटी असल्याने नवी नोंद मध्ये घालता येत असे आणि चुकीच्या जागी गेलेली काढून योग्य जागी ठेवता येत असे. आजच्या संगणकीय डेटाबेसमधील एक ‘रेकॉर्ड’ म्हणजे तीच चिठ्ठी. फरक इतकाच की आता ती कागदावर नसते.

१८७६ मध्ये त्यांनी या सूचीचा नमुना छापून डॉक्टरांपुढे ठेवला आणि सरकारकडून छपाईचा खर्च मिळावा म्हणून त्यांचा पाठिंबा मागितला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जन्मलेले डॉ. रॉबर्ट फ्लेचर त्यांच्या मदतीला आले. मुद्रिते तपासण्याचे किचकट काम फ्लेचर यांनी पुढे अनेक वर्षे केले. १८८० मध्ये ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला जाडजूड खंड बाहेर आला. लेखक आणि विषय एकाच वर्णानुक्रमात लावलेले होते. त्यामुळे कॉलरा, देवी किंवा अपस्मार हा शब्द काढला की त्या विषयावर कोणत्या देशात, कोणत्या भाषेत, कोणी काय लिहिले आहे, याची यादी सलग मिळे. १८९५ पर्यंत या पहिल्या मालिकेचे १६ खंड निघाले. पुढे ही परंपरा १९६१ पर्यंत चालली.

मात्र ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत पोहोचायला पंधरा वर्षे लागणार असतील, तर मधल्या काळात आलेल्या नव्या लेखांचे काय? त्यासाठी जानेवारी १८७९ पासून बिलिंग्ज आणि फ्लेचर यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केले. महिनाभरात जगात जे नवे वैद्यकीय लेखन प्रसिद्ध झाले, त्याची विषयवार यादी त्यात असे. न्यूयॉर्कचे प्रकाशक फ्रेडरिक लेपोल्ट यांनी ते काढले. वर्गणीदार कमी, काम प्रचंड, त्यामुळे मासिक सतत तोट्यात असे आणि १८९९ मध्ये ते बंद पडले. पॅरिसमध्ये त्याची जागा घेणारे एक प्रकाशन निघाले, तेही तीन वर्षांत थांबले. १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनने पैसे दिले, तेव्हाच ‘इंडेक्स मेडिकस’ पुन्हा उभे राहिले. त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद तेव्हा बिलिंग्ज यांच्याकडे आले होते, ही गोष्ट अर्थातच महत्त्वाची ठरली.

लेखकांना दिलेला कडू डोस

ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. पाश्चर, कॉख, लिस्टर, फिर्को असे दिग्गज तेथे होते. बिलिंग्ज यांनी तेथे वैद्यकीय लेखनावरच भाषण केले. जगातील इतके लेखन नजरेखालून घालणारी माणसे त्या काळात फार थोडी होती, म्हणून त्यांच्या मताला वजन होते. दरवर्षी छापल्या जाणाऱ्या लेखनाचे आकडे मांडून त्यांनी सांगितले की, त्यातला बराच भाग पुनरुक्तीचा आणि फार काळ न टिकणारा असतो. लेखकांना त्यांचा सल्ला थोडक्यात असा होता की, सांगण्यासारखे असेल तरच लिहावे, ते सांगून झाले की थांबावे आणि लेखाला त्याच्या मजकुराशी जुळणारे शीर्षक द्यावे. फसवे किंवा मोघम शीर्षक सूचीकाराचा काळ असतो, हे त्यांनी रात्री जागून अनुभवले होते.

हा सल्ला आजही शिळा झालेला नाही. संगणकावर शोध घेणारा माणूस प्रथम पाहतो ते शीर्षक आणि गोषवारा. शीर्षकात आजाराचे, औषधाचे किंवा पद्धतीचे नाव नसेल, तर उत्तम काम केलेला निबंधही शोधात मागे पडतो.

संदर्भ देण्याच्या पद्धतीवरही बिलिंग्ज यांच्या ग्रंथालयाचा ठसा आहे. नियतकालिकांची नावे ठरावीक पद्धतीने संक्षिप्त करण्याची त्यांची रीत वैद्यकीय लेखनात रुजली. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि संदर्भ कसे द्यावेत याचे समान नियम त्यांनी ठरवले. त्यांनी आधार घेतला तो याच ग्रंथालयाच्या पद्धतीचा. आज वैद्यकाचे विद्यार्थी ‘व्हँकुव्हर स्टाइल’ म्हणून जी शिकतात, ती हीच.

रुग्णालय, जनगणना आणि छिद्रांची कार्डे

सूचीचे हे काम करणारा माणूस रात्रंदिवस फक्त पुस्तकांत बसला असेल, असे वाटेल. प्रत्यक्षात बिलिंग्ज एकाच वेळी तीन-चार नोकऱ्यांइतके काम करत. बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स यांनी मृत्यूपूर्वी रुग्णालय आणि विद्यापीठासाठी मोठी देणगी ठेवली होती. त्यांच्या विश्वस्तांनी १८७५ मध्ये पाच डॉक्टरांकडून रुग्णालयाचे आराखडे मागवले आणि बिलिंग्ज यांचा स्वीकारला. मोकळी हवा, वेगवेगळे विभाग आणि रुग्णसेवेबरोबर शिक्षण व संशोधन, अशी त्यामागची कल्पना होती. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे येण्याविषयी बिलिंग्ज फिलाडेल्फियाला जाऊन डॉ. विल्यम ऑस्लर यांना भेटले. ती भेट काही मिनिटांत आटोपली. वैद्यक विभागाची धुरा घ्याल का, हे विचारायचे आणि होकार घेऊन निघायचे, इतकेच. ऑस्लर पुढे आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचे मोठे आधारस्तंभ मानले गेले.

१८८० आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनांत जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे काम बिलिंग्ज यांच्याकडे होते. कोणत्या आजाराने, कोणत्या वयात, कोणत्या भागात किती माणसे मेली, हे हातांनी मोजत बसायला वर्षे लागत. जनगणना कार्यालयातील हर्मन हॉलरिथ नावाच्या तरुण अभियंत्याशी बोलताना बिलिंग्ज यांनी सुचवले की, हे मोजणीचे यांत्रिक काम एखाद्या यंत्राने व्हायला हवे. हॉलरिथ यांनी ती कल्पना मनावर घेतली. प्रत्येक माणसासाठी एक कार्ड, माहितीनुसार त्यात छिद्रे आणि ती छिद्रे विजेने वाचणारे यंत्र असे ते साधन होते. त्याची एक सुरुवातीची चाचणी बाल्टिमोरच्या मृत्युनोंदींवर झाली आणि १८९० च्या जनगणनेत सुमारे सव्वासहा कोटी लोकांची माहिती या यंत्रांनी मोजली. कल्पनेचे श्रेय हॉलरिथ यांनी बिलिंग्ज यांना दिले. धंद्यात भागीदार होण्याची सूचना मात्र बिलिंग्ज यांनी नाकारली. प्रश्न सुटला, एवढे त्यांना पुरेसे होते. हॉलरिथ यांची कंपनी पुढे काही कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या समूहाचे नाव पडले ‘आयबीएम’.

लष्करातून निवृत्त झाल्यावर १८९६ मध्ये बिलिंग्ज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक झाले. अ‍ॅस्टर व लेनॉक्स ही दोन ग्रंथालये आणि टिल्डन न्यास एकत्र करून ही संस्था उभारली जात होती. मुख्य इमारतीचा प्राथमिक आराखडा त्यांनीच काढला. वर प्रशस्त वाचनकक्ष आणि खाली पुस्तकांचे मजले, म्हणजे मागितलेले पुस्तक थेट वर पोहोचेल. १९०१ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी शहरभर शाखा-ग्रंथालये बांधण्यासाठी ५२ लाख डॉलर दिले, त्यामागेही बिलिंग्ज यांचे प्रयत्न होते. मे १९११ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवरील इमारत खुली झाली. ११ मार्च १९१३ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी बिलिंग्ज यांचे निधन झाले. हॉपकिन्सचे प्रख्यात विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांच्या मते, अमेरिकेने तोवर वैद्यकाला दिलेल्या देणग्यांत हे ग्रंथालय आणि त्याची सूची सर्वांत मोठी होती.

चिठ्ठीपासून स्क्रीनपर्यंत

बिलिंग्ज यांचे ग्रंथालय आज ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ म्हणून ओळखले जाते. त्यांनी सुरू केलेली सूची आणि त्यांनी सुचवलेली छिद्रांची कार्डे, हे दोन धागे पुढे एकत्र आले. १९६० मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ नव्या रूपात निघू लागले, तेव्हा ते छिद्रांकित कार्डांच्या मदतीने तयार होत होते. १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ या संगणकीय प्रणालीने ते काम हाती घेतले. १९७१ मध्ये टेलिफोनच्या तारांवरून शोध घेता येणारी ‘मेडलाइन’ आली आणि १९९६ मध्ये ‘पबमेड’ने तीच माहिती इंटरनेटवर आणली. पुढच्या वर्षी ती सर्वांसाठी मोफत झाली. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर थांबले, कारण त्याची गरज उरली नव्हती.

या प्रवासात विषयवार नोंद हा गाभा तसाच राहिला. ग्रंथालयाने सुमारे ३० हजार विषयशब्दांचा एक नियंत्रित कोश तयार केला आहे, त्याला ‘मेश’ म्हणतात. एक लेखक हार्ट अटॅक लिहितो, दुसरा मायोकार्डियल इन्फार्क्शन लिहितो. कोशात दोन्हींची जागा एकच असल्याने शोधणाऱ्याला दोघांचे लेख मिळतात. पूर्वी हे विषयशब्द प्रशिक्षित माणसे लेख वाचून ठरवत. २०२२ पासून ते काम मुख्यतः संगणक करतो आणि माणसे त्यावर नजर ठेवतात.

संदर्भांचा वापर करून उलट दिशेनेही शोध घेता येतो. जुन्या निबंधाचा उल्लेख नंतर कोणी केला, हे पाहत पुढे येता येते. ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ रूपात आणली. त्यांनी सूचीशास्त्राचे धडे घेतले ते पन्नासच्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये, बिलिंग्ज यांच्याच ग्रंथालयाने पैसे पुरवलेल्या एका प्रकल्पात. आता त्याच्या जोडीला प्रत्येक निबंधाला मिळणारा ‘डीओआय’ हा कायमचा क्रमांक आहे. ‘एंडनोट’, ‘झोटेरो’, ‘मेंडेले’ यांसारखी साधने सापडलेला निबंध एका क्लिकवर संग्रहात ठेवतात, विषयवार लावतात आणि लिहिताना संदर्भसूची आपोआप तयार करतात. बिलिंग्ज यांच्या कारकुनांचे चिठ्ठ्या उतरवण्याचे काम आता असे होते.

अशा सूचीचा लाभ लहान गावातून काम करणाऱ्यालाही होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांवर केलेला अभ्यास १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विंचवाच्या उपचारावर जगात कुठेही शोध घेतला, तर बावस्कर हे नाव समोर येते. रायगड जिल्ह्यातील रुग्णांकडून मिळालेले ज्ञान दूरदेशीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचते, ते त्या नोंदीमुळे.

सूचीत नाही, म्हणजे नाहीच?

सोय झाली की तिच्या मर्यादा विसरल्या जातात. २००१ मध्ये त्याची भयंकर किंमत मोजावी लागली आणि तीही जॉन्स हॉपकिन्समध्येच. दम्याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात येत होते. संशोधकाने प्रयोगापूर्वी पाठ्यपुस्तक आणि ‘पबमेड’ पाहिले होते. पण ‘पबमेड’मधील नोंदी तेव्हा मुख्यतः १९६६ पासूनच्या होत्या. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, असे दाखवणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील सूचींत नोंदलेले होते, स्क्रीनवर नव्हते. २४ वर्षांची एक स्वयंसेविका फुप्फुसे निकामी होऊन जून २००१ मध्ये मरण पावली. त्यानंतर अमेरिकी सरकारने तेथील सरकारी निधीवर चालणारे मानवी प्रयोग काही काळ थांबवले. संशोधनापूर्वी साहित्याचा शोध किती खोल जाऊन घ्यावा, हा प्रश्न जगभरातील नैतिकता समित्यांपुढे आला. पुढे जुन्या छापील सूचींतील नोंदीही संगणकावर आणल्या गेल्या. बिलिंग्ज यांचा ‘इंडेक्स-कॅटलॉग’ही २००४ पासून ऑनलाइन आहे.

दुसरी मर्यादा विश्वासार्हतेची. सूची लेख कुठे आहे ते सांगते, तो बरोबर आहे की नाही ते नाही. गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. ‘पबमेड’वर तो आजही दिसतो, पण मागे घेतल्याच्या ठळक शिक्क्यासह. एखाद्या जाहिरातीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशात शोधनिबंधाचा दाखला असेल, तर तो खरोखर अस्तित्वात आहे का, मागे घेतलेला तर नाही ना आणि तो माणसांवरील अभ्यास आहे की उंदरांवरील, एवढे तरी कोणीही पाहू शकतो.

आता एक नवी अडचण आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषण साधने प्रश्नाचे उत्तर देताना कधी कधी अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध संदर्भ म्हणून देतात. लेखकांची नावे खरी वाटतात, नियतकालिक खरे असते, खंड आणि पृष्ठेही असतात. फक्त त्या पानावर तो लेख नसतो. अशा वेळी उपाय जुनाच आहे. संदर्भ मूळ नोंदीशी ताडून पाहायचा आणि मूळ लेख उघडून वाचायचा. बिलिंग्ज यांच्या पद्धतीत चिठ्ठी तयार होण्याआधी कोणी तरी तो अंक हातात घेऊन ते पान उघडलेले असे. डॉक्टराने, विद्यार्थ्याने किंवा आपल्यासारख्या वाचकाने ती एक सवय राखली, तरी बरेच धोके टळतील.